घरच्यांना कसलं बिल

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय देविका,

पत्र बघून हसशील. करोल बाग इथून मेट्रोने अर्ध्या तासावर, आणि ही बाई स्पीड पोस्टाने पत्र पाठवते. पण फोनवर तू गोड बोलतेस आणि मी विरघळते, हे शाळेपासून चाललंय. जे विचारायचं असतं ते राहून जातं आणि मी तुझ्या गुडघेदुखीची चौकशी करून फोन ठेवते. म्हणून लिहिते.

काल बाबांना सरकारी हॉस्पिटलात कान दाखवायला नेलं होतं. तू दिलेल्या मशीनची तक्रार म्हणून नव्हे, कानात मळ साठला होता म्हणून. तिथल्या तपासणाऱ्या मुलीने मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि मला विचारलं, "अंकलजी का नाम पहले कुछ और था क्या?" पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव होतं. गाझियाबादचे कुणी गृहस्थ, साल २०१८. मग तिने मशीनवरचं तुझ्या दुकानाचं स्टिकर नखाने सोलून काढलं, त्याखालचा नंबर भिंगातून वाचला आणि मला लिहून दिला. मी रात्रीच कंपनीला ईमेल केला. आज उत्तर आलं. त्या नंबरचं मशीन सात वर्षांपूर्वीच विकलं गेलंय आणि त्याची वॉरंटी कधीच संपलीय.

त्या मुलीने मला समजावून सांगितलं. तुला मी काय सांगू, तुझा तर धंदाच आहे. चष्म्याचा जसा नंबर असतो तसं मशीनही ज्याच्या त्याच्या कानाला बसवावं लागतं. हे मशीन अजून त्या गाझियाबादच्या माणसाच्या कानाला बसवलेलं होतं. बाबा दोन वर्षं दुसऱ्याचा चष्मा घालून बसल्यासारखे बसले होते.

२०२३ चा दसरा आठवतो ना? चांगला मुहूर्त म्हणून आपण तोच दिवस धरला होता. तू आमच्यासमोर डब्याची सीलची पट्टी कात्रीने कापलीस आणि बाबांच्या पाया पडून मशीन त्यांच्या कानात घातलंस. मी रोख पैसे दिले आणि पर्स बंद करता करता "बिल?" एवढंच म्हटलं. तू म्हणालीस, "सरांकडून पैसे घेतेय हेच पाप. वर बिल कसलं करू? घरच्यांना कसलं बिल?" मी ओशाळले. ऑफिसात पावती नसेल तर मी लोकांची टीए बिलं शेरा मारून परत पाठवते, आणि तुझ्यासमोर एक कागद मागायला मला लाज वाटली.

तुलाही कुणीतरी फसवलं असेल. तसं असेल तर तसं सांग, मी विश्वास ठेवीन. बाबांना अजून काही बोललेले नाही.

तुझी,
सुनीती

लक्ष्मीबाई नगर
८ सप्टेंबर २०२५

प्रिय देविका,

पत्र मिळाल्या मिळाल्या तू फोन केलास, रडलीस. माल पुरवणाऱ्याने तुला फसवलं म्हणालीस, गणपती होऊ दे, लगेच बदलून देते म्हणालीस. माझा जीव भांड्यात पडला. मंडळाच्या गणपतीत तू बाबांचा हात हातात घेऊन चांगली पाच मिनिटं बसलीस. वृंदाताई म्हणाल्या, शिष्या असावी तर अशी. मी मान डोलावली.

परवा विसर्जन झालं. काल फोन केला तर तुझ्या दुकानातल्या मुलीने उचलला आणि "मॅडम पितृपक्ष में नया काम नहीं करतीं" म्हणाली. अगं, बदलून देणं हे नवं काम कधीपासून झालं?

एक कबूल करते. मी सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तुझं नाव नाही सांगितलं, नुसतं विचारलं. मला वाटत होतं की बिल नाही म्हणजे आपलं तोंड बंद. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, बिल न देना तो अपने आप में गलत है. शिकायत में यह भी लिखिए." तिने मला सगळं शांतपणे सांगितलं. आधी दुकानाकडे लेखी तक्रार, मग हेल्पलाइनमार्फत समेटाचा प्रयत्न, तेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि जिथे आपण राहतो तिथल्या आयोगात अर्ज करता येतो. मी हे सगळं डायरीत लिहून घेतलं आणि मग डायरी उशीखाली ठेवली, जशी काही मीच चोरी केली होती.

बाबांना शेवटी सांगितलं. वहीत लिहून दाखवलं, कारण आता ते मशीन त्यांच्या कानात घालायची माझी हिंमत होत नाही. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "तिसऱ्या दिवशीच कळलं होतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "मुलीने एवढ्या प्रेमाने दिलं. चालत नाही कसं म्हणायचं?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते आमच्या घरात पिढीजात आहे. मी त्यांना मशीन वापरायला सांगत होते, समजावत होते, आणि ते मान हलवत होते.

लवकर कळव.

सुनीती

लक्ष्मीबाई नगर
१२ ऑक्टोबर २०२५

देविका,

गुरुवारी तुझ्या दुकानात आले तेव्हा तू बेसनाचे लाडू काढलेस. माझ्यासाठी चहा, बाबांसाठी डब्यात वेगळे मऊ लाडू. म्हणालीस, "सुनीती, दिवाळीची धावपळ आहे यार. पंचवीस तारखेला ये, शनिवार आहे, तुलाही सुट्टी. नवं मशीन, नवी वॉरंटी, बिलसुद्धा देते. बिल्कुल मिटवून टाकू." मी लाडू घेऊन घरी आले. उत्तरा म्हणाली, "आई, मावशी किती स्वीट आहे ना." माझी लेक दिल्लीत वाढली, तिला गोड आणि स्वीट यांतलं अंतर कळत नाही. त्या दिवशी मलाही नाही कळलं.

आमच्या ऑफिसात परीक्षित नावाचा मुलगा आहे, लॉ सेक्शनला. परवा त्याला आनंदाने सांगितलं की प्रकरण मिटलं. त्याने विचारलं, मॅडम, मशीन घेतलं कधी? मी म्हटलं, दसऱ्याला, तेवीस साली. त्याने मोबाइलवर जुनं कॅलेंडर उघडून माझ्यासमोर धरलं. त्या वर्षी दसरा चोवीस ऑक्टोबरला होता. आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची. म्हणजे येत्या चोवीस ऑक्टोबरला संपते. मुदतीनंतरही अर्ज घेतात, पण मग उशीर का झाला ते पटवून द्यावं लागतं आणि समोरचा वकील तिथेच अडवतो.

आणि तू मला बोलावलंस पंचवीसला.

योगायोग असेल. मी रात्रभर हेच घोकत होते. भाऊबीज तेवीसला, दुसऱ्या दिवशी तू दमलेली असशील, म्हणून पंचवीस. तू माझ्या लग्नात माझी बॅग भरली होतीस, माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात महिनाभर आमच्याकडे पोळ्या करून पाठवल्यास. अशी माणसं तारखा मोजत नाहीत. नाही ना मोजत?

म्हणून एक साधी गोष्ट मागते. अठरा तारखेला, धनत्रयोदशीला, मी सकाळी दहाला येते. तेव्हा जमत नसेल तर दुकानाच्या कागदावर दोन ओळी लिहून दे: अमुक नंबरचं मशीन अमुक दिवशी दिलं, ते बदलून देणार आहे. तारीख आणि सही. मग पंचवीसलाच काय, अगदी कार्तिकी पौर्णिमेला बोलाव.

बाबा तक्रारीला तयार नाहीत. "आपल्या मुलीवर खटला करायचा का?" असं विचारतात. हल्ली मी जरा आवाज चढवूनच बोलते त्यांच्याशी, नाहीतर ऐकू जात नाही. त्या दोन ओळी पाठवल्यास तर त्यांना दाखवीन आणि सांगीन की बघा, तुम्हीच बरोबर होता.

सुनीती

१७ ऑक्टोबर २०२५

देविका,

तुझा मेसेज मिळाला. "तू माझ्याकडून लिहून घेणार? आपल्यात आता कागद आले?" आणि त्याखाली रडका चेहरा.

बाबांनी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "चुकलेलं पोर वही दाखवतं. वही लपवतं ते नक्कल केलेलं पोर." आणि पेन मागितलं.

काल ऑनलाइन अर्ज दाखल केला. खाली दीनानाथ सरांची सही आहे. अक्षर ओळखशील.

सुनीती

लक्ष्मीबाई नगर
२१ डिसेंबर २०२५

देविका,

तुझ्या वकिलाने आयोगाकडे दिलेलं उत्तर काल पोहोचलं. सहा पानं. तिसऱ्या पानावर लिहिलंय की सदर दीनानाथ नावाची व्यक्ती आमच्या दुकानाची ग्राहक कधीच नव्हती, त्यांना कोणतंही यंत्र विकलेलं नाही, आणि तक्रारदार याचं एकही बिल दाखवू शकलेले नाहीत.

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. जुनं मशीन दिलंस, मी म्हटलं लोभ. तारीख पुढे ढकललीस, मी म्हटलं भीती. पण बिल तू दिलं नाहीस, प्रेमाने दिलं नाहीस, आणि आज तेच बिल नाही म्हणून बाबांची ओळख नाकारतेस. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. आणि तोही तू आमच्या पाया पडून कापलास.

उत्तराला कागद दाखवला तर ती खोलीतून फोन घेऊन आली. तुझ्या दुकानाचं फेसबुक पान. २०२३ चा दसरा, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. बाबा खुर्चीत, तू त्यांच्या पायाशी, टेबलावर उघडा डबा आणि बाजूला कापलेली पट्टी. वर तू लिहिलंयस: "ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्या माझ्या सरांना आज मी ऐकतं केलं. नवीन मशीन, दसरा ऑफर. आजच भेट द्या." उत्तरा म्हणाली, "आई, यार, प्रूफ तर मावशीनेच ठेवलंय." तो फोटो आता आयोगाच्या फाइलीत आहे. बाबांची जाहिरात करायला तुला बिल लागलं नव्हतं.

आता एक लिहिते. याचा खटल्याशी संबंध नाही आणि ते कुठल्या अर्जात मी लिहिलेलंही नाही.

सरकारी हॉस्पिटलातून बाबांना नवं मशीन मिळालं. त्यांच्या कानाला बसवलेलं, त्यांच्या नावाचं. पाच डिसेंबरला घातलं. घरी आलो, मी स्वयंपाकघरातून विचारलं, भाकरी करू का पोळी? ते दारात आले आणि म्हणाले, "सुनीती, आता एवढं ओरडून नको बोलूस."

मी तुला आधीच्या पत्रात लिहिलं की समजावत होते, मग लिहिलं की जरा आवाज चढवते. खोटं होतं ते. मी ओरडत होते, देविका. दोन वर्षं. तुला फोन केला की तू म्हणायचीस, मशीन एकदम फर्स्टक्लास आहे, सर मनावर घेत नाहीत, या वयात माणूस हट्टी होतो, तू जरा कडक हो. मी कडक झाले. एकदा मशीनची डबी त्यांच्या ताटाशेजारी आपटून म्हटलं, तुम्हाला ऐकायचंच नाहीये. त्यांनी मुकाट्याने ते मशीन कानात घातलं, शिट्टी वाजायला लागली, आणि ते तसेच जेवले.

पूर्वी ते रोज जेवताना उत्तराला एक मराठी शब्द द्यायचे. तिने दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य करून आणायचं. ती वाक्यं त्यांना ऐकू येईनाशी झाली आणि तो खेळ बंद पडला. दोन वर्षांत पोरगी घरात हिंदी बोलायला लागली आणि आजोबा काहीच बोलेनासे झाले. मशीनचे पैसे आयोग परत देववील. त्या दोन वर्षांतल्या माझ्या आवाजाचं काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

तुला सांगितलं एवढ्यासाठी की तुला वाटेल मी रागावलेय ती तुझ्यावरच.

आयोगाने विचारलं होतं, दोघांची तयारी असेल तर आधी मध्यस्थी. बाबा लगेच हो म्हणाले. तारीख बावीस जानेवारी.

सुनीती

लक्ष्मीबाई नगर
२६ जानेवारी २०२६

देविका,

त्या दिवशी जे झालं ते तूही पाहिलंस. तरी लिहिते, कारण तुझ्या बाजूने ते कसं दिसलं असेल ते मला माहीत नाही, आणि माझ्या बाजूने ते तसंच्या तसं राहायला हवं.

मध्यस्थीच्या खोलीत हीटर नव्हता. बाबांनी कानटोपी, वर मफलर, अशी जय्यत तयारी केली होती. तू आत आलीस, सवयीने त्यांच्या पायाकडे वाकलीस आणि वकिलाने खाकरल्यावर अर्ध्यातून उठलीस. मध्यस्थ बाई भल्या होत्या. तुझ्या वकिलाची फाइल आणि आमचा फोटो समोरासमोर ठेवून त्यांनी नुसतं विचारलं, "यह कौन हैं?" वकील म्हणाला, फोटो में तो कोई भी हो सकता है. मग बाई कुणाचा तरी फोन आला म्हणून बाहेर गेल्या आणि वकीलही मोबाइल घेऊन दाराशी गेला.

तेव्हा तू माझ्याकडे झुकलीस. आवाज खाली करायची तुला गरज वाटली नाही. म्हणालीस, "मिटव गं सुनीती. एका मशीनसाठी माझं दुकान बुडवतेस? असंही सरांना आता किती दिवस ऐकायचंय?"

बाबांनी मफलर सोडला, त्याची घडी घातली, कानटोपी काढली. तुझ्याकडे वळले आणि वर्गात म्हणायचे त्या आवाजात म्हणाले, "देविका, मला ऐकू येतंय."

तुझा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं तो चेहरा ओळखते असं मला वाटत होतं.

बाई परत आल्या. त्यांनी बाबांना विचारलं, आपको क्या चाहिए? मला वाटलं बाबा पैसे म्हणतील, भरपाई म्हणतील. परीक्षितने आम्हाला सगळं लिहून दिलं होतं, मानसिक त्रासाचे किती, खर्चाचे किती. बाबा त्यांच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाले, "मुझे बिल चाहिए." तुझा वकील हसला. मग त्याला कळलं आणि तो उठून उभा राहिला. बिल म्हणजे कबुली, असं काही लिहून देऊ नका, बाहेर चला, असं तो तुझ्या कानाशी सांगत राहिला.

तू त्याचा हात बाजूला सारलास, एवढं मात्र मी मान्य करते. दुकानाचं बिलबुक काढलंस आणि लिहायला लागलीस. बाबा सांगत नव्हते, नुसते बघत होते. दसरा, चोवीस ऑक्टोबर दोन हजार तेवीस. मशीनचा नंबर. रक्कम. मग तू थांबलीस. बराच वेळ पेन तसंच टेकलेलं होतं. बाबा म्हणाले, "पुढचं तुलाच माहीत आहे, बाळ." आणि तू लिहिलंस: वापरलेलं मशीन, नवीन म्हणून दिलं. खाली सही.

पैसे परत देण्याचं ठरलं, तारखेसकट, आणि आयोगाच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. ते सगळं नियमाप्रमाणे होईल. बाबांनी बिल घडी न घालता पुस्तकात ठेवून घरी आणलं. मेट्रोत मी विचारलं, जास्त का मागितलं नाही? म्हणाले, "तिने मला ओळखत नाही असं लिहून दिलं होतं. ते खोडायचं होतं."

उत्तराचा शब्दांचा खेळ पुन्हा सुरू झालाय. काल बाबांनी तिला "भरवसा" दिला. तिने विचारलं, ट्रस्ट ना? बाबा म्हणाले, जवळपास.

आता तुझ्या काल रात्रीच्या निरोपाबद्दल. चार मिनिटं अठरा सेकंद. तू बाबांसाठी पाठवलास, मला ऐकव म्हणालीस. आज सकाळी चहा झाल्यावर मी फोन त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं की देविकाचा आवाज आहे, माफी मागतेय बहुतेक. बाबांनी थोडा वेळ फोनकडे पाहिलं. मग कानातून मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "आता लाव."

मी लावला. तू रडत होतीस आणि ते खिडकीबाहेर बघत होते. चार मिनिटं अठरा सेकंद मी एकटीनेच ऐकलं. तू काय म्हणालीस ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

यापुढे आवाज पाठवू नकोस. काही सांगायचं असेल तर कागदावर लिही, तारीख घाल, सही कर. बाबांना वाचता येतं.

सुनीती